पट्टी लावलेली तीन अंडी

आमच्या लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शांतम्मा नावाची बाई कामाला होती. हुद्दा शिपायाचा. पण अंड्याला खिडकी पाडायची तर सबंध विभागात तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता, माझाही नाही. समोर मी तिला अहो-जाहोच करायची. मनात मात्र ती एकेरीच आहे, म्हणून लिहिताना तसंच लिहिते.

अंड्याचं काम असं. उबवणी यंत्रात फळलेली अंडी ठेवायची, वर तारीख-वेळ पेन्सिलीनं टाकायची. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा अंडं फिरवायचं, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. यंत्राच्या तळाशी पाण्याचा ट्रे असतो, तो कधी कोरडा पडू द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी कवचाला बारीक कात्रीनं खिडकी पाडली की पिवळ्या बलकावर लाल जाळी दिसते आणि मध्ये एक ठिपका उडताना दिसतो. तो ठिपका म्हणजे हृदय. त्याला अजून ना झडपा असतात ना कप्पे, तरी ते चालू झालेलं असतं.

शांतम्मा लिंगायत. गळ्यात लिंग, घरात अंडं कधी शिवलेलं नाही. पहिल्या दिवशी अंड्याचा खोका बघून ती दारातच थांबली होती. मग हेडसरांना म्हणाली, खायचं नसंल तर करते. वीस वर्षं केलं. घरी गेली की आधी आंघोळ, मग लिंगपूजा, मग चूल.

ती किल्लारीच्या बाजूच्या गावची. त्र्याण्णवच्या भूकंपात घराचं मातीचं माळवद खाली आलं तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. नवरा वीरण्णा तिच्या शेजारीच दबून गेला. ती ढिगाऱ्याखाली दुपारपर्यंत होती. वरून लष्कराची माणसं बोलत होती ते ऐकू यायचं, पण तोंडात माती, हाक देता येईना. बाहेर काढल्यावर पत्र्याच्या शेडातल्या डॉक्टरांनी सांगितलं की एवढा मार बसलाय, पोटातलं राहायचं नाही, राहिलं तर धड निघायचं नाही, मोकळं करून घ्या. ती नाही म्हणाली. का, ते तिला सांगता येत नव्हतं. पाच महिन्यांनी पुनम झाली. हात-पाय धड, नाकी-डोळी नीटस.

भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर तिला ही नोकरी लागली. मी नव्याण्णव साली रुजू झाले. मी लोह्याची, शिकले मराठी शाळेत, एम.एस्सी. नांदेडला. पहिल्याच वर्षी मी तिला पुनमबद्दल समजावलं होतं, की बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, वरून धोंडा पडला तरी पाणी तो भार सगळीकडं वाटून देतं, एका जागी लागू देत नाही. तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, "मंजी आमच्या मालकाला पानी नव्हतं, पोरीला होतं."

अशीच ती विचारायची. हृदय डावीकडंच का, हे एकदा विचारलं. मी सांगितलं की अगदी सुरुवातीला जीव तांदळाएवढाही नसतो तेव्हा त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे केस फिरतात. ते तिथलं पाणी एकाच बाजूला ढकलतात. त्या ओढीवरून शरीराला डावं-उजवं कळतं. आणि रक्त वाहतं त्याच्या धक्क्यानं हृदयाच्या झडपा घडतात, ओढ्यानं कातळ घासून वाट करावी तशा. वाहणं थांबवलं तर हृदय वाकडं होतं. हेच मी पहाटेच्या खासगी क्लासला दोनशे मुलांपुढं सांगायला गेले तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे येतं का पेपरला?" नाही म्हटल्यावर दोनशे पेनं खाली पडली. त्या वर्षांत लातुरात गल्लीगल्लीत क्लास झाले होते. एका रस्त्यावर तर वाण्याचं दुकान उरलं नव्हतं, सगळी होस्टेलं आणि मेस. आमची प्रयोगशाळा ओस पडत चालली होती. मुलं सही करायची आणि क्लासला पळायची. बेडूक कापणं बंद झालं होतं. उरली ती अंडी, शांतम्मा आणि मी.

२०१४च्या उन्हाळ्यात पुनमला दिवस गेले. तिला अर्धापूरला दिली होती. जावई आदिनाथ केळीच्या गाड्या भरून द्यायचं काम करतो, शांत पोरगा. पाचवा लागायच्या आत ओटी भरायला म्हणून शांतम्मानं तिला चार दिवस लातूरला आणलं. तिथं पुनमनं आईला सांगितलं की अंगावरून जातंय, पांढरं, पातळ.

आमच्याकडं ही गोष्ट बाई बाईलाच सांगते, तीही हळू आवाजात. डॉक्टरला नाही, नवऱ्याला तर नाहीच. उपायही सगळ्यांना पाठ असतो, तांदळाचं धुवण प्यायचं आणि उष्ण खायचं नाही. शांतम्मानं तेच केलं. रोज सकाळी तांब्याभर धुवण. चार दिवसांसाठी आलेली पुनम त्यासाठीच दोन आठवडे राहिली. तेही पाणी आहे, गर्भाचं पाणी, पिशवीला कुठंतरी चीर गेली आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही. शांतम्मा त्या दोन आठवड्यांत रोज माझ्यासमोर यंत्राचा ट्रे भरत होती. मला बोलली नाही. बोलली असती तर मला कळलं असतं का, हे मी आता खात्रीनं सांगू शकत नाही.

मग एका सकाळी पुनमचं लुगडं सगळंच भिजलं. तेव्हा दवाखाना झाला. मी सोबत होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर एरवी बाळाभोवती काळी मोकळी जागा दिसते, ते पाणी. पुनमच्या पडद्यावर ती जागा जवळजवळ नव्हती. बाळ भिंतींनी आवळून धरल्यासारखं, आणि मध्ये ठोके चालू. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी बसवून समजावलं.

पाणी नुसतं उशी म्हणून नसतं. बाळ पोटातच श्वासाचा सराव करतं, छाती हलवतं. हवा नसते, पाणीच असतं. फुप्फुस स्वतःही आत पाणी तयार करतं आणि ते कोंडून धरतं. त्या आतल्या दाबानं फुप्फुस ताणलं जातं, ताणानं त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना फुगे येतात. बाहेरचं पाणी गेलं की आतलंही गळून जातं. ताण नाही, तर वाढ नाही. बाळ वाढेल, हृदय चालेल, आणि बाहेर आल्यावर श्वास घ्यायला जागाच नसेल. शंभरात दहा-पंधरा वाचतात, त्यांचेही हात-पाय दबून वाकडे होऊ शकतात. शिवाय आईला जंतूंचा धोका. एकोणीस आठवडे दोन दिवस झालेत. पिशवी मोकळी करायची तर कायद्यानं विसाव्या आठवड्यापर्यंतच. पाच दिवस आहेत, विचार करा.

बाहेर आल्यावर शांतम्मानं मला विचारलं, शंभरात दहा म्हणजे किती. मी म्हटलं, दहात एक. ती म्हणाली, "दहा पोरी कुटनं आणू बाई? मला एकच हाय."

शांतम्माच्या खोलीत पुनमची सासू येऊन बसली होती, अर्धापूरहून, दोन पिशव्या केळी घेऊन. वाईट बाई नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं की पोर जगली पाहिजे, लेकरं पुढं होतील. पण तोंडाची धारदार. पंधरा दिवस तांदळाचं पाणी पाजत बसलात, विहीणबाई, कॉलेजात काय झाडूच मारता का नुसता, असं ती पुनमसमोर म्हणाली. शांतम्मानं मान खाली घातली. आदिनाथ म्हणत होता, पुनम म्हणेल तसं. पुनम भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि एकच म्हणत होती, अव्वा सांगंल तसं.

म्हणजे सगळं शांतम्मावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली. मला म्हणाली, पाच दिवसांची अंडी हायेत, तीन घेऊ का. मला वाटलं, हाताला काम पाहिजे असेल. घ्या म्हटलं. ती खिडकीजवळ बसली, तीन अंड्यांना खिडकी पाडली. पाचव्या दिवशी पिल्लाभोवती स्वच्छ पाण्याची इवली पिशवी असते, भिंगाखाली नीट दिसते. तिनं साखरेच्या पेशंटची बारीक सुई घेतली आणि त्या पिशवीतलं पाणी ओढून घेतलं. तीनही अंड्यांतलं. थेंबभर पाणी, पण पिशवी पिल्लाच्या अंगाला चिकटलेली मी पाहिली. मग खिडक्यांवर चिकटपट्टी लावली, लाल पेन्सिलीनं फुल्या केल्या आणि यंत्रात परत ठेवली.

"काय करताय?" मी विचारलं.

"बगते," ती म्हणाली. "पुस्तकात शंभर असतेत. मला तीन बास."

मी तिथंच सांगायला पाहिजे होतं. कोंबडीच्या पिल्लाचं फुप्फुस आपल्यासारखं घडत नाही, अंड्यातल्या पिल्लाचा श्वास कवचातून चालतो, त्याला अजून फुप्फुसाची गरजच नाही. त्या अंड्यांतून पुनमच्या बाळाबद्दल काहीही कळणार नाही. जगली तरी नाही, मेली तरी नाही. मी पंधरा वर्षं हेच शिकवत होते. पण तिच्या हाताकडं बघत राहिले. माझ्याकडं दुसरं द्यायला काही नव्हतं. संध्याकाळी घरी देवीपुढं दिवा लावला, माहूरच्या रेणुकेला ओटी बोलले, आणि झोपले.

तीन दिवस ती अंडी फिरवत होती. सकाळी, दुपारी, जाताना. मधल्या वेळात दवाखाना, खोली. पुनमला अँटिबायोटिक चालू होतं. सासू केळी सोलून पुनमपुढं ठेवायची, ती तशीच काळी पडायची. जंगम स्वामी येऊन गेले. त्यांच्यात आठव्या महिन्यात बाळाचं इष्टलिंग आईच्या दंडाला बांधतात, शांतम्मानं मला सांगितलं होतं, बाळ जन्माच्या आधीच देवाचं होतं. शांतम्मानं स्वामींना पाचव्यातच बांधा म्हणून गळ घातली. ते आधी नको म्हणाले, मग तिच्या तोंडाकडं बघून बांधलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी क्लासचे पेपर टाकून प्रयोगशाळेत गेले. शांतम्मा नव्हती. यंत्राचं दार नीट लावलेलं, ट्रे भरलेला. टेबलावर मिठाच्या पाण्याचं भांडं, अजून कोमट होतं. कचऱ्याच्या डब्यात कवचं होती.

मी ती बाहेर काढली. का काढली माहीत नाही, वीस वर्षं कचरा तीच टाकायची. तीन कवचं पट्टीची, लाल फुलीची. आतली पिल्लं तिथंच होती, राखी, पट्टीला चिकटून बसलेली. तिन्ही मेलेली. आणि एक चौथं कवच. त्याला पट्टी नव्हती, लाल फुली नव्हती, खिडकीही नव्हती. ते नुकतंच फोडलेलं होतं आणि आत पिल्लू नव्हतं.

मला समजलं. रिक्षा करून तिच्या खोलीवर गेले. वाटेत ठरवलं होतं काय बोलायचं ते.

दारातच थबकले. पुनम उशीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर शांतम्माचा जेवणाचा स्टीलचा डबा, झाकण उघडं, आत कोमट पाण्यात अंगठ्याएवढं पिल्लू, मोठे काळे डोळे, आणि छातीत लाल ठिपका उडतोय. ज्या घरात अंड्याचं कवच आलं नव्हतं त्या घरात, लिंगपूजेच्या पाटापासून दोन हातांवर. सासू तोंडाला पदर लावून कोपऱ्यात सरकली होती, पण बघत होती तीही.

"बाई, बगा," पुनम म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज वर आला होता. "अव्वानं तिघांचं पानी काडलं. दोन गेली. ह्ये जितं हाय."

शांतम्मानं माझ्याकडं पाहिलं. डोळे खाली केले नाहीत.

आदिनाथ उभाच होता. त्याला पिल्लाकडं बघवत नव्हतं, तो माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "मॅडम, तुमी शिकलेल्या. पानी काडल्यावरबी जगतंय का खरंच? तुमी सांगा, मी तसं करतो."

एवढ्या वर्षांत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. पेपरातसुद्धा नाही. मी डब्यात पाहिलं आणि म्हणाले, "ठोका पडतोय."

खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते अजून लागतं.

पाचवा दिवस गेला. सासू परत गेली, जाताना शांतम्माचे हात धरून रडली. पुनम सरकारी दवाखान्यात पलंगावर पडून राहिली, पायाकडची बाजू उंच करून. शांतम्मानं सगळी शिल्लक रजा घेतली. लोटे लोटे पाणी पाजायची, जणू प्यायलेलं सरळ त्या पिशवीत उतरेल. दर आठवड्याला पडदा बघायचा. कधी बोटभर काळी जागा दिसायची, पुढच्या वेळी ती नसायची. ठोके मात्र दर वेळी स्वच्छ. पुनम त्या ठोक्यांवर जगत होती. बाळाला नाव ठेवलं नाही, पण सकाळी उठली की दंडाच्या लिंगाला हात लावून त्याच्याशी बोलायची. आदिनाथ शनिवारी यायचा, केळीचा घड अख्ख्या वॉर्डात वाटायचा. दहा आठवडे असे गेले. दहा आठवडे एक आई झाली होती, असं मी स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही.

तिसाव्या आठवड्यात ताप भरला आणि कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. नाक चपटं दबलेलं, एक पाऊल आत वळलेलं, कातडी हाताला सैल, कारण हलायला जागाच मिळाली नव्हती. तोंड उघडलं, छाती वर ओढली, आवाज आला नाही. नळी घातली, यंत्र लावलं. डॉक्टर दाब वाढवत होते, फुप्फुस उघडत नव्हतं. शांतम्माला आत घेतलं होतं, ती नर्सांच्या ओळखीची झाली होती. पुनमच्या दंडाचं लिंग सोडून तिनं ते मुलीच्या छातीवर ठेवलं. ते तिथं वर-खाली होत होतं, ठोक्यानं. श्वासानं नाही. दोन तास दहा मिनिटं. लहान मुलांचे डॉक्टर नंतर मला म्हणाले, हृदय एकदम नीट घडलेलं होतं, शेवटपर्यंत थांबायला तयार नव्हतं.

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात त्यांच्या समाजाची जागा आहे, तिथं पुरलं. वीरण्णाचीही माती तिथलीच मानतात, जरी तो जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातच राहिला. आदिनाथनं खड्ड्यात उतरून हातावरून मुलीला ठेवलं. शांतम्मानं मुठीनं विभूती सोडली. पुनम दवाखान्यातच होती. ताप उतरला, ती वाचली.

महिन्यानं शांतम्मा कामावर आली. यंत्रात नवी अंडी होती, मी लावलेली. तिनं ट्रे भरला, अंडी फिरवली, फुली खाली, गोल वर. मी वही बघत असल्याचं दाखवत होते.

"तिन्ही मेली होती, बाई," ती म्हणाली.

"माहीत आहे. मी कचऱ्याचा डबा बघितला होता."

तिनं यंत्राचं दार लावलं, कडी घातली, मग माझ्याकडं वळली. "मंग बोलला का न्हाईत? तुमी दारात आलात तवा मला वाटलं, आता बाई बोलतील, माजं खोटं उघडं पडंल, आन् सुटंन मी. मी तुमच्या तोंडाकडंच बगत होते."

मी म्हणाले, तुमच्या पुनमच्या वेळी तुम्ही ऐकलं नव्हतं ना डॉक्टरचं. ती म्हणाली, तेव्हा पानी होतं. एवढंच. मग तिनं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं.

त्यानंतर ती चार वर्षं नोकरीत होती. अंडं फिरवलं, ट्रे भरला, पण खिडकी पुन्हा पाडली नाही. ते काम माझ्याकडं आलं. मला अजून नीट जमत नाही, कवच तडकतं. पुनमला पुढं दोन वर्षांनी मुलगा झाला. पाणी पुरेसं होतं. त्या नऊ महिन्यांत ती लातूरला आली नाही. आईनं बोलावलं, तरी ती अर्धापूरलाच राहिली आणि बाळंतपण सासूनं केलं.

माहूरला मी बोललेली ओटी भरून आले. देवीपुढं उभं राहिल्यावर मागायचं काही सुचेना. आदिनाथचा प्रश्न तेवढा आठवला. त्याचं खरं उत्तर मी तिथं, तिच्यापुढं, पुरं दिलं. मागच्या रांगेतली बाई म्हणाली, अवो, उरका, लोक खोळंबलेत.